ट्रिपिंगची वही

एका ११ केव्ही फीडरची, म्हणजे गावांना ११,००० व्होल्टने वीज नेणाऱ्या लाइनची, जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा तो आमच्या सबस्टेशनचा सगळ्यात बदनाम फीडर होता. सबस्टेशनपासून निघून तो माळावरून जायचा, दोन मोठी गावं घ्यायचा, पुढे ओढा ओलांडून शेतातल्या पंपांना आणि शेवटी टेकडीच्या पायथ्याच्या वाडीला वीज द्यायचा. ढग भरून आले की या गावांतली माणसं मोबाइल चार्जिंगला लावायला धावत. लाइट जाणार हे त्यांनी धरूनच ठेवलेलं असे.

पहिल्याच आठवड्यात गावची मंडळी भेटायला आली. मागणी एकच होती, "साहेब, आम्हाला मोठा डीपी द्या." माझ्या आधीच्या साहेबांकडेही हीच मागणी झाली होती आणि एका गावात डीपीवरच्या रोहित्राची, म्हणजे व्होल्टेज उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची, क्षमता वाढवूनही दिली होती. लाइट जायची ती जातच राहिली. म्हणून मी आधी सबस्टेशनमधलं लॉगबुक काढून बसलो. पानामागून पान तेच होतं: फीडर ट्रिप झाला, इतक्या वाजता चालू केला. कारणाच्या रकान्यात प्रत्येक ओळीला एकच शब्द, 'लाइन फॉल्ट'. ताप आलेल्या माणसाच्या केसपेपरवर 'आजारी' एवढंच लिहिलेलं असावं, तसं ते होतं.

लाइनवर दोष आला की रिले नावाचं यंत्र तो ओळखून ब्रेकर, म्हणजे सबस्टेशनमधला मोठा स्विच, उघडतं; यालाच ट्रिप होणं म्हणतात. वास्तविक तेव्हा रिले बरंच काही सांगून जातो. दोन तारा एकमेकींना भिडल्या तर ओव्हरकरंटची खूण पडते. तार जमिनीशी, खांबाशी किंवा फांदीशी जोडली गेली तर अर्थ फॉल्टची. प्रवाह किती होता आणि कोणत्या फेजवर, म्हणजे तीनपैकी कोणत्या तारेवर, हेही नव्या रिलेत दिसतं. ऑपरेटर ती खूण न बघताच रिसेट करून ब्रेकर चालू करायचा, कारण त्याला फोनवर फोन येत असायचे. त्याला दोष देऊन उपयोग नव्हता, ती नोंद कशासाठी हवी हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मी एक लांबट वही आणली आणि रकाने आखले: वेळ, रिलेची खूण, फेज, प्रवाह, हवा कशी होती, आणि शेवटी लाइनवर नेमकं काय सापडलं. शेवटचा रकाना भरल्याशिवाय ती ओळ बंद करायची नाही, असं ठरलं. पुढची तीन वर्षं ही वहीच आमचा नकाशा झाली.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण गावात दोन्हींना 'लाइट गेली' असंच म्हणतात. विजेची तूट पडली म्हणून ठरवून बंद केलेला पुरवठा वेगळा, आणि वीज असूनही तार, खांब, इन्सुलेटर यांच्यातल्या दोषाने ती घरापर्यंत न पोचणं वेगळं. पहिल्यावर माझ्या हातात काही नव्हतं. दुसरं मात्र आमचंच काम होतं, आणि या फीडरवरचं बहुतेक दुखणं दुसऱ्या प्रकारचं होतं.

मग आम्ही चालायला लागलो. आमच्या लाइनमनपैकी सगळ्यात जुन्या माणसाला सगळे तात्या म्हणत, मीही म्हणू लागलो. तात्यांबरोबर पहिल्या खांबापासून शेवटच्या खांबापर्यंत पायी जायचं, जीप रस्त्यावर सोडायची. प्रत्येक खांबाला रंगाने नंबर घातला. हे काम मला आधी हमालीचं वाटलं होतं, पण "ओढ्यापलीकडे, वडाच्या अलीकडचा खांब" असं फोनवर सांगण्याऐवजी "पोल नंबर इतका" म्हणता येऊ लागलं आणि दुरुस्तीचा निम्मा वेळ तिथेच वाचला.

चालताना जे दिसलं ते कुठल्याही आराखड्यात नव्हतं. स्टेच्या, म्हणजे खांबाला ताणून धरणाऱ्या, तारा सैल पडून खांब कलले होते आणि त्यामुळे दोन खांबांमधल्या तारांचा झोळ कमी-जास्त झाला होता. वारा सुटला की त्या एकमेकींवर आपटत असणार, हे तारेवरच्या वितळलेल्या काळ्या ठिपक्यांवरून कळत होतं. एका ठिकाणी जंपर, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, नुसता पीळ देऊन बांधलेला होता, क्लॅम्प नव्हताच. पीळ सैल झाला की तिथे ठिणग्या उडतात, ॲल्युमिनियम हळूहळू जळत जातं आणि एक दिवस तो फेज सुटतो. मग गावात निम्म्या घरांत उजेड आणि निम्म्यांत अंधार, आणि शेतातला तीन फेजचा पंप दोन फेजवर गुरगुरत जळून जातो. लाइनचा एखादा भाग तोडायला खांबांवर बसवलेले एबी स्विच असे गंजले होते की दांडा ओढला तर तीनपैकी दोनच पाती उघडत. म्हणून ते कोणी वापरतच नसत. शेवटच्या वाडीजवळ फांदी पडली तरी सबस्टेशनपासून सगळी लाइन बंद, दोन्ही गावं अंधारात.

स्विच दुरुस्त करणं हे आमचं पहिलं काम. नवं काहीच नव्हतं त्यात. पाती घासली, ग्रीस भरलं, तुटलेले कॉन्टॅक्ट बदलले, दांड्याला अर्थिंग जोडलं. अडचण आली की मधला स्विच उघडून अलीकडचा भाग लगेच चालू करता येऊ लागला. मोठ्या योजनेची वाट न बघता एवढं तरी कुठेही करता येतं, असं माझं ठाम मत आहे.

वहीतल्या पहिल्या पानांत एक विचित्र गोष्ट दिसत होती. काही दिवस लागोपाठ पहाटे फीडर जायचा, अर्थ फॉल्टवर, नेहमी त्याच एका फेजवर. आठच्या सुमाराला चालू केला की दिवसभर टिकायचा. हवेच्या रकान्यात त्या सगळ्या दिवशी 'दव' किंवा 'धुकं' लिहिलेलं होतं. जोरदार पावसाच्या दिवशी मात्र हे होत नसे. तात्या म्हणाले, "साहेब, कुठंतरी चिमणी फुटलीय. दिवसा दिसायची नाही ती." चिनी मातीच्या पिन इन्सुलेटरला ते चिमणी म्हणत.

आम्ही तीन पहाटा त्यात घातल्या. फीडर गेला की एलसी, म्हणजे लाइन बंद ठेवून काम करायची परवानगी, घ्यायची, लाइन अर्थ करून म्हणजे जमिनीला जोडून खात्री करायची, मधला स्विच उघडायचा आणि दोन्ही बाजूंचा मेगर घ्यायचा, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजायचा. ज्या बाजूचा आकडा पडलेला दिसे ती बाजू पुन्हा पुढच्या स्विचवर तोडायची. असं करत दोष दोन स्विचांमधल्या एका तुकड्यापर्यंत आला. पण त्या तुकड्यात खांब बरेच होते आणि खालून दुर्बिणीतून सगळे इन्सुलेटर धडधाकट दिसत होते. चौथ्या दिवशी तात्या घरून जुना ट्रान्झिस्टर रेडिओ घेऊन आले. मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मध्ये काटा ठेवून, चालू लाइनखालून ते अंधारात एकेका खांबाशी जात होते. जिथे ठिणगी उडत असते तिथे रेडिओत खरखर वाढते. एका खांबाखाली ती इतकी वाढली की मलाही लांबून ऐकू आली.

लाइन बंद करून तो इन्सुलेटर उतरवला. हातात घेतला तरी आधी काही दिसेना. तात्यांनी त्याच्यावर फडक्याने थोडी शाई चोळली आणि पुसली. वरच्या खाचेपासून खाली पिनेपर्यंत केसाएवढी निळी रेघ उमटली. आत पिनेच्या आट्यांजवळ माती काळी पडलेली होती, तिथे बोट लावलं तर काजळी आली. दिवसा ऊन लागलं की ती भेग कोरडी व्हायची आणि इन्सुलेटर पुन्हा निर्दोष. पहाटे दव आत झिरपलं की करंटला वाट मिळायची. जोराच्या पावसात वरची धूळ धुऊन जायची, म्हणून तेव्हा ते तग धरत असावं. तो इन्सुलेटर मी अजून टेबलावर ठेवला आहे. नव्या मुलांना मी आधी तो हातात देतो.

त्या तुकड्यातले सगळेच जुने पिन इन्सुलेटर आम्ही बदलले. पहाटेच्या नोंदी थांबल्या.

दुसरं दुखणं पंपांच्या मोसमात उठायचं. लाइट जायची नाही, मंद व्हायची. वाडीवर संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडायचं की बल्ब नुसता लालसर दिसे. मोटरचं गणित असं असतं: व्होल्टेज पडलं की तिची ओढण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडते. ८० टक्के व्होल्टेजला ती ६४ टक्क्यांवर येते. पण विहिरीतलं पाणी तर तेवढंच जड असतं, मग मोटर जास्त करंट ओढते. करंट वाढला की तारेत आणखी व्होल्टेज पडतं, शेजारच्या शेतातली मोटरही जास्त ओढू लागते. रोहित्र तापतं, फ्यूज जातो. रात्री पिकाला पाणी देणारा माणूस किती वेळ वाट बघणार? तो फ्यूजच्या किटकॅटमध्ये जाड तार बांधतो. मग फ्यूज जात नाही, रोहित्र जातं. आणि रोहित्र जळालं की ते बदलेपर्यंत सगळी वस्ती अंधारात राहते. जाड तार बांधणाऱ्याला मी सुरुवातीला रागावत असे. त्याच्या जागी उभं राहून बघितल्यावर राग गेला. चूक साखळीच्या सुरुवातीला होती आणि ती आमची होती.

आमची मूळ लाइन विझल तारेची होती. या तारांना प्राण्यांची नावं आहेत: विझल म्हणजे मुंगसासारखा लहान प्राणी, रॅबिट म्हणजे ससा, डॉग म्हणजे कुत्रा. नाव जितकं मोठ्या प्राण्याचं, तितकी तार साधारणपणे जाड. विझलमध्ये २.५९ मिलिमीटरचे सहा ॲल्युमिनियमचे पदर आणि मध्ये एक पोलादाचा असतो, आणि तिचा रोध किलोमीटरला सुमारे ०.९ ओहम. डॉगमध्ये ॲल्युमिनियमचे पदर ४.७२ मिलिमीटरचे, आत पोलादाचे सात बारीक पदर, आणि रोध ०.२८ ओहमच्या आसपास. पहिल्या टप्प्यात सबस्टेशनपासून ओढ्यापर्यंतची मुख्य लाइन डॉगची करायचं ठरलं.

त्यात एक गोष्ट मी शिकलो. रोध तिपटीहून कमी झाला म्हणजे व्होल्टेजची घटही तिपटीने कमी होईल, असं मी वरिष्ठांना लिहून दिलं होतं. तसं होत नाही. तारेला रोधाबरोबर रिॲक्टन्सही, म्हणजे तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे बदलत्या करंटला होणारा विरोधही, असतो आणि तो तार जाड केल्याने फारसा कमी होत नाही. मोटरी चुंबकत्वासाठी मागतात तो, प्रत्यक्ष काम न करणारा निष्क्रिय करंट त्याच वाटेने यावा लागतो. तो वाटेतच भागवायचा उपाय म्हणजे कपॅसिटर. पॉवर फॅक्टर, म्हणजे एकूण करंटमधला कामाला लागणारा वाटा, ०.७५ वरून ०.९५ वर नेला तर तेवढ्याच कामासाठी करंट सुमारे २१ टक्के कमी लागतो आणि तारेतला तोटा, तो करंटच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे, जवळजवळ ३८ टक्क्यांनी घटतो. एवढ्या साध्या डब्याने एवढा फरक पडतो हे शेतकऱ्यांना पटवायला मी विहिरीवर ॲम्पिअरमीटर घेऊन जायचो. कपॅसिटर लावण्याआधीचा करंट आणि नंतरचा करंट त्यांनाच वाचायला लावायचो. एकाने वाचला की तोच शेजारच्याला बोलावून आणायचा.

डॉग तार विझलच्या तिपटीने जड. जुने खांब आणि त्यांच्यातलं अंतर तिला झेपणार नव्हतं. म्हणून मधे खांब घालावे लागले, वळणांवर दुहेरी खांब उभे करावे लागले, स्टे नव्याने गाडावे लागले. ठेकेदाराच्या माणसांनी दोन ठिकाणी खड्डे कमी खोल घेतले होते. तात्यांनी पहारीने मोजून दाखवलं आणि खांब उभा झालेला असताना तो काढून पुन्हा पुरायला लावला. ठेकेदाराची खूप कुरकुर झाली. मी तात्यांच्या बाजूने उभा राहिलो, आणि त्या पावसाळ्यात तिथली माती खचली तरी खांब हलला नाही.

पंपांच्या भागात आम्ही उलट केलं. तिथे एक मोठं रोहित्र आणि त्याच्यापासून दूरवर पसरलेल्या लघुदाबाच्या, म्हणजे ४१५ व्होल्टच्या, तारा होत्या. त्याच्याऐवजी ११ केव्ही लाइनच विहिरींपर्यंत नेली आणि तीन-चार पंपांमागे एक अशी छोटी रोहित्रं बसवली. तेवढीच शक्ती ४१५ व्होल्टऐवजी ११,००० व्होल्टने नेली तर करंट साधारण २६ पटीने कमी लागतो, म्हणजे त्याच तारेतला तोटा जवळजवळ ७०० पटीने कमी. आणि एक छोटं रोहित्र बिघडलं तर तीन-चार पंप बंद पडतात, पूर्ण शिवार नाही. रोहित्र 'आपलं' असल्यामुळे लोक त्याची काळजीही घेऊ लागले. कोणी आकडा टाकायला आला तर तेच त्याला हटकत.

घरांचा आणि पंपांचा भार वेगळ्या फीडरवर घेण्याचं काम त्याच काळात झालं, त्याबद्दल फार लिहीत नाही. ते सगळ्यांना समजण्यासारखं आहे.

अर्थिंगबद्दल मात्र लिहिलंच पाहिजे, कारण ते जमिनीत असतं आणि म्हणून कोणी बघत नाही. वीज कोसळली की लाइटनिंग अरेस्टरने तो प्रवाह जमिनीत सोडून द्यायचा असतो. पण जमिनीपर्यंतची वाटच तुटलेली असेल तर अरेस्टर असून नसल्यासारखा. आमच्या कितीतरी डीपींवर अर्थिंगची पट्टी जमिनीलगत गंजून तुटली होती आणि वर मात्र रंगवलेली दिसत होती. आम्ही अर्थ टेस्टर घेऊन अर्थिंगच्या एकेका खड्ड्याचा रोध मोजला. एक खुंटी लांब ठोकायची, दुसरी तिच्यापर्यंतच्या अंतराच्या ६२ टक्क्यांवर, आणि आकडा वाचायचा. मुरमाड जमिनीत आकडे ऐकवत नाहीत असे आले. तिथे इलेक्ट्रोड वाढवले, ओल धरणारी बेंटोनाइट माती भरली, उन्हाळ्यात पाणी घालायचं वेळापत्रक केलं. पुढच्या वळवात विजा खूप झाल्या. त्या वर्षी विजेने जळालेल्या रोहित्रांची ओळ वहीत एकदाच लिहावी लागली.

हे सगळं होत असताना गावांना जो त्रास झाला तो मी विसरणार नाही. तार बदलायची तर लाइन बंद ठेवावी लागते. लाइट कमी जावी म्हणून चाललेल्या कामामुळे लाइट आधीपेक्षा जास्त जाऊ लागली. सुरुवातीला आम्ही फक्त 'उद्या देखभालीसाठी पुरवठा बंद' असा निरोप पाठवत होतो. एका गावाने मला सभेला बोलावलं. सगळे तावातावाने बोलत होते. मागून एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "बाबा, बंद ठेव. पण कधी येणार ते खरं सांग. तू दोनला म्हणतोस, मी दोनपर्यंत पाणी पुरवून वापरते, आन् येते सहाला." त्यांच्या नातवाचं औषध थंडीत ठेवावं लागायचं, हे नंतर कळलं. त्या दिवसापासून मी वेळ सांगताना एक तास वाढवून सांगू लागलो, आणि उशीर होणार असं दिसलं की वेळ संपायच्या आधी कळवू लागलो. काम जितकं होतं तितकंच राहिलं. राग बराच कमी झाला.

त्याच टप्प्यात एकदा आमचा माणूस थोडक्यात वाचला. एलसी घेतली होती, ब्रेकर उघडा, स्विच उघडा, लाइन मेलेली. मुलगा शिडीवर चढायला निघाला. तात्यांनी त्याला खांद्याला धरून थांबवलं आणि नेहमीप्रमाणे आधी जमिनीला जोडलेला डिस्चार्ज रॉड तारेला लावला. फट्‌ आवाज होऊन ठिणगी पडली. सगळे जागच्या जागी. कोणीतरी घरातला जनरेटर मुख्य स्विच न पाडता चालू केला होता. ती वीज उलटी रोहित्रात शिरली आणि रोहित्राने ती ११ केव्ही बाजूला चढवून दिली. वरून बंद केलेली लाइन खालून जिवंत झाली होती. त्या मुलाच्या चेहऱ्यावरचा घाम मला आजही दिसतो. त्या दिवशी काम थांबवलं. घरोघर जाऊन चेंजओव्हर स्विच, म्हणजे जनरेटर आणि लाइन एकाच वेळी जोडू न देणारा स्विच, लावायला सांगितलं, आणि लाइनच्या दोन्ही बाजूंना अर्थ केल्याशिवाय खांबाला हात लावायचा नाही हा नियम माझ्या सहीने भिंतीवर लावला. तो आधीपासून होताच. पाळत होते ते एकटे तात्या.

झाडांचा प्रश्न माणसांचा प्रश्न असतो. बहुतेकांनी फांद्या छाटू दिल्या. एका बाईंनी मात्र बांधावरच्या जांभळाला हात लावू दिला नाही. ते झाड त्यांच्या सासऱ्यांनी लावलं होतं. कायद्याचा धाक दाखवता आला असता. पण दर पावसाळ्याआधी तोच तंटा मला नको होता. त्या दोन गाळ्यांत, म्हणजे खांबांमधल्या अंतरांत, आम्ही आवरणाची तार ओढली. फांदी टेकली तरी लगेच फॉल्ट होत नाही, आणि टोकाची एवढीच छाटणी पुरते. झाड आहे, लाइनही आहे.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर ओढ्याच्या अलीकडे रिक्लोजर बसवला. उघड्या तारांवरचे बहुतेक फॉल्ट, साधारण दहातले सात-आठ, क्षणापुरते असतात. फांदी टेकते आणि दूर होते, पक्षी येतो, वीज पडते. लाइन एक-दोन सेकंद बंद करून पुन्हा चालू केली तर ती टिकते. पूर्वी अशा प्रत्येक वेळी ब्रेकर उघडायचा आणि माणूस पाठवेपर्यंत लाइन बंद राहायची. रिक्लोजर स्वतःच उघडतो, थांबतो, चालू करतो. तीन-चार प्रयत्नांत फॉल्ट गेला नाही तर मात्र कायमचा उघडून बसतो. शिवाय ओढ्यापलीकडचा दोष आता अलीकडच्या गावांना शिवत नव्हता. फॉल्ट आणि घरं दोन्ही लाइनभर सारखी विखुरलेली धरली तर मधोमध बसवलेला असा एकच रिक्लोजर सरासरी घरामागे लाइट जाण्याचे प्रसंग पाव भागाने कमी करतो. हा हिशेब मी वरिष्ठांपुढे कागदावर मांडला आणि मंजुरी मिळाली.

लाइनमन लोकांना मात्र त्याची भीती वाटली, आणि ती रास्त होती. जे यंत्र आपणहून लाइन चालू करतं, त्याच्या पुढे उभं राहून काम कसं करायचं? तात्या म्हणाले, "साहेब, माणूस लाइनजवळ असताना ह्याचं डोकं बंद पाहिजे." म्हणून लाइनजवळ कोणतंही काम निघालं की आधी आपोआप चालू होण्याची सोय बंद करायची, त्याची नोंद एलसीच्या कागदावर करायची आणि हँडलला टॅग लावायचा, ही पद्धत त्यांच्याच सांगण्यावरून ठरली. फाट्यांवर फॉल्ट पॅसेज इंडिकेटर लावले. फॉल्टचा प्रवाह ज्या बाजूने गेला त्या बाजूचा दिवा लुकलुकतो. रात्री पावसात सगळी लाइन चालण्याऐवजी माणूस फाट्यावर दिवा बघतो आणि तिकडे वळतो.

शेवटचं मोठं काम म्हणजे शेजारच्या फीडरशी जोड. दोन फीडरांची टोकं एका स्विचने जोडायची आणि तो स्विच एरवी उघडा ठेवायचा. एका बाजूची मुख्य लाइन गेली की दोष तोडून उरलेल्या भागाला दुसरीकडून वीज द्यायची. खांब उभे झाले, तारा ओढल्या, स्विच बसला. उद्घाटनाची घाई होती. पण फेजिंग केल्याशिवाय स्विच लावणार नाही म्हणून मी अडून बसलो. स्विचच्या दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींसमोर तपासल्या, तर दोन फेज अदलाबदल झालेले निघाले. मधे कुठेतरी वळणावर ओढताना तारा फिरल्या होत्या. तसाच स्विच बंद केला असता तर दोन्ही फीडर एकमेकांवर शॉर्ट झाले असते. त्या संध्याकाळी जंपर बदलून पुन्हा तपासलं, फेजचा क्रम मोजला, म्हणजे पंप उलटे फिरायला नकोत, आणि मगच जोड चालू केली.

आता हिशेबाबद्दल. पुरवठा किती भरवशाचा हे मोजायला जगभर सैफी आणि सैडी ही दोन मापं वापरतात. आयईईई १३६६ या मानकात त्यांची व्याख्या आहे. एका ग्राहकाची वर्षात सरासरी किती वेळा लाइट जाते ते सैफी, आणि एकूण किती मिनिटं जाते ते सैडी. मी दोन्ही काढतो आणि आमच्या फीडरचे दोन्ही आकडे उतरले आहेत. पण सरासरीत एक गोम आहे. मोठ्या गावातली सुधारणा आकडा झपकन खाली आणते. टेकडीखालच्या वाडीत घरं मोजकी, तिथे रात्रभर लाइट नसली तरी सरासरीला जाणवत नाही. म्हणून मी वहीत आणखी एक पान घातलं आहे: या महिन्यात सगळ्यात जास्त वेळ अंधारात कोण होतं. गेल्या पावसाळ्यात त्या पानावर बहुतेक महिने एकच नाव होतं, वाडीचं. रिक्लोजरच्या पलीकडे, जोडस्विचच्याही पलीकडे, एकाच जुन्या फाट्यावर ती लटकलेली आहे. अजून विझल तारेवर.

तात्या निवृत्त झाले. तरी परवा ते आले होते. आम्ही दोघं टेकडीच्या कडेने चालत गेलो आणि वाडीला दुसऱ्या बाजूने पोचणाऱ्या लाइनची आखणी केली. नाला जिथे अरुंद होतो तिथे ती ओलांडायची असं ठरलं. वाडीतली पोरं चुन्याची बादली घेऊन आमच्यामागे होती. तात्या पाय रोवून उभे राहत, पुढच्या खांबाची जागा हाताने दाखवत, आणि पोरं तिथे पांढरी फुली मारत. संध्याकाळपर्यंत उतारावर फुल्यांची एक रांग तयार झाली. आल्यावर मी त्यांचे नंबर वहीत उतरवून घेतले.